योनीमार्गात ठेवायच्या गोळीने जळजळ होते, पांढरा चुरा बाहेर येतो. गोळ्या बंद करू का?

खाज सुटते आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या १०० मिलीग्रॅमच्या सहा गोळ्या दिल्या. दोन रात्रींनंतर थोडी जळजळ होतेय, सकाळी पांढरा चुरा पडतोय, म्हणून तुम्ही विचारताय. जळजळ सहन होण्यासारखी असेल तर बंद करू नका. मी स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे. दोन रात्रींत घाबरून औषध सोडलेल्या बायका पुन्हा तीच खाज घेऊन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

तो चुरा बहुतेक गोळीचाच असतो. हे औषध रक्तात अगदी थोडं जातं, जागच्या जागी काम करतं आणि उरलेलं बाहेर येतं. म्हणूनच गोळी झोपताना, शक्य तितकी आत ठेवायची. पॅड वापरा, टॅम्पॉन नको. तो औषध शोषून घेतो. आतली त्वचा आधीच सुजलेली असते, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस चुरचुरतं. मात्र जळजळ वाढत गेली, सूज किंवा पुरळ आलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा.

मैत्रिणीकडच्या उरलेल्या गोळ्या चालतील का, हेही तुम्ही विचारलंय. नाही, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. 'पांढरं जाणं' एकच वाटलं तरी कारणं वेगळी असतात. दह्यासारखा घट्ट स्राव, खूप खाज आणि वास नाही, असं असेल तर बहुधा बुरशी. तिथे क्लोट्रिमाझोल लागू पडतं. पातळ, करडा स्राव आणि माशासारखा वास असेल तर बहुधा जिवाणूंचा समतोल बिघडलेला असतो. त्याला मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन लागतं. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीमुळे असू शकतो. त्यात पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात आणि जोडीदारालाही उपचार द्यावे लागतात. लक्षणं सरमिसळ होतात, म्हणून तपासणी हवीच.

गरोदर असाल तर आधी सांगा. क्लोट्रिमाझोल तेव्हाही देतात, साधारण सात दिवस, पण अप्लिकेटर (गोळी आत ढकलायची नळी) न वापरता गोळी बोटाने ठेवायला सांगतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेत असाल तर मायकोनाझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाची गोळी स्वतःहून ठेवू नका, रक्तस्राव वाढू शकतो. यातल्या काही गोळ्या-मलमांनी लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, तेव्हा उपचार चालू असताना त्यावर विसंबू नका.

आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणं पूर्ण थांबवा. ताप, ओटीपोटात दुखणं, पाळीव्यतिरिक्त रक्त जाणं, यांपैकी काही असेल तर गोळ्या संपायची वाट पाहू नका. आणि हा त्रास वर्षात तीन-चारदा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.