स्लॅबच्या कडेचा फोम आणि वाळवी : मेलबर्नमध्ये घर बांधण्याआधी

तुम्ही विचारलंय की पश्चिम मेलबर्नमध्ये टार्नीटकडे प्लॉट घेऊन घर बांधायचंय, स्लॅबमध्येच (म्हणजे घराखाली जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये) घर गरम ठेवायला गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्यात आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून बिल्डर कडेला फोम लावायला सांगतोय, तर त्याला वाळवी लागेल का?

वाळवी फोम खात नाही, त्यात तिला पोषण नाही. पण ती तो अगदी सहज पोखरते. उघड्या काँक्रीटवरून चढायचं तर तिला मातीची नळी बांधत यावं लागतं आणि ती नळी आपल्याला दिसते. फोमच्या आतून चढली तर बाहेरून काहीच कळत नाही. इथलं घर विटांचं दिसलं तरी वीट हे बहुतेक वेळा नुसतं आवरण असतं, छताचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. तेव्हा खरा प्रश्न फोमचा नाही, वाळवीची वाट दिसते की नाही, हा आहे.

इथल्या बांधकाम संहितेप्रमाणे स्लॅबमध्ये हीटिंग असेल तर कडेला किमान आर 1.0 चं (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं माप), पाण्याने न भिजणारं इन्सुलेशन, म्हणजे हा फोम, लागतं. ते जमिनीच्या अंतिम पातळीपासून खाली किमान 300 मिमी, किंवा स्लॅबच्या उभ्या कडेची पूर्ण खोली, इतकं असावं. दुसरीकडे, वाळवी तपासण्यासाठी स्लॅबची कड वापरायची असेल तर जमिनीच्या पातळीच्या वर किमान 75 मिमी काँक्रीट उघडं राहायला हवं. हे दोन नियम एकमेकांच्या आड येत नाहीत: फोम जमिनीच्या पातळीला थांबवा आणि वरची 75 मिमी पट्टी कोरी ठेवा. त्या पट्टीतून थोडी ऊब जाईल, ती जाऊ द्या. ड्रॉइंगवर हा छेद मापांसकट काढून घ्या, कारण साइटवर फोम विटेपर्यंत चढवण्याचा मोह होतो आणि मग तपासायला जागाच उरत नाही.

पट्टीच्या वर, वीट आणि सांगाड्यामधल्या पोकळीत अडसर हवाच. गंजरोधक स्टीलची बारीक जाळी स्लॅबला घट्ट चिकटवून विटेच्या थरातून बाहेरच्या तोंडापर्यंत आणतात. गिलाव्याखाली ती झाकली गेली तर उपयोग संपला.

स्लॅबखालचे थर्माकोलचे चौकोनी ठोकळे (साधारण 1090 × 1090 मिमी) मला कमी काळजीचे वाटतात, कारण त्यांच्यावर नीट ओतलेलं काँक्रीट असतं. काळजी आहे ती स्लॅबमधून वर येणाऱ्या पाइपांची. प्रत्येक पाइपाला वाळवीरोधक कॉलर (पाइपाभोवती बसणारं कडं) लागते आणि तिची कड काँक्रीटमध्ये पक्की बसावी लागते. पश्चिम मेलबर्नची चिकणमाती फुगते-आकसते, म्हणून प्लंबर पाइपाला फोम गुंडाळतो. कॉलर त्या गुंडाळीवर बसली तर वाळवीला आयता बोगदा मिळतो. ती थेट पाइपालाच आवळलेली हवी. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी एकेक पाइप बघा, फोटो काढा. नंतर ते कुणालाच दिसणार नाही.

आपल्याकडे जोत्याच्या मातीत औषध मारलं की काम झालं, असं धरतात. इथेही औषधाच्या पद्धती आहेत, पण त्यांना मुदत असते आणि पुन्हा भरावं लागतं. कोणती पद्धत वापरली, कधी, तपासणी किती दिवसांनी, हे लिहिलेली टिकाऊ पाटी मीटर बॉक्समध्ये लावलेली असते. ताबा घेताना ती वाचा. वर्षातून किमान एकदा तपासणी करून घ्या.

बहुतेक बिघाड मात्र ताबा घेतल्यानंतरच होतात. माळी वाफा करतो, लादीवाला अंगणाची पातळी वाढवतो, आणि 75 मिमी पट्टी मातीखाली जाते. एसीचं किंवा गीझरचं पाणी भिंतीशी ठिबकत राहिलं की ओल मिळते, आणि वाळवीला ओलच हवी असते. फॉर्मवर्कच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांचे तुकडे मातीत पुरलेले नाहीत ना, तेही पाहा.

आणि आधी कौन्सिलला (इथल्या नगरपालिकेला) एक गोष्ट विचारा: तुमचा प्लॉट वाळवीग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रात आहे का? व्हिक्टोरियात ते कौन्सिल ठरवते. उत्तर ‘नाही’ आलं, तरी कडेला फोम असलेल्या घरात ही 75 मिमी पट्टी मी सोडणार नाही.