सांबरा-मुंबई : चारशे किलोमीटरला तासाहून जास्त?

प्रश्न : बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई हवाई अंतरानं चारशे किलोमीटर. जेट ताशी आठशेनं जातं म्हणतात. मग तिकिटावर तासाहून जास्त वेळ कसा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : भाऊ, चारशे हे सरळ रेषेतलं अंतर. आठशेचा वेग मात्र उंचावर पोचल्यावरचा, आणि एवढ्याशा पल्ल्यात चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू! एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान असेल तर वेगच पाचशेच्या आसपास. शिवाय तिकिटावरची वेळ धरतात ती सांबऱ्यात विमान जागेवरून हललं की मुंबईत उभं राहीपर्यंतची. तिथं उतरायला रांग असली तर आकाशातच घिरट्या. (मी खिडकी मागून घेते, मला चालतं.) काउंटर उड्डाणाच्या बराच आधी बंद होतो, बेळगावातली गर्दी धरूनच खानापूर सोडा.