जुन्या क्लासिक गाडीचं इंजिन ट्रॅफिकमध्ये तापतं. रेडिएटर साफ केला, आता थर्मोस्टॅट काढून टाकू का?

नका काढू. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झालं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. थर्मोस्टॅट अडकलाय अशी शंका असेल तर तो पाण्यात टाकून पाणी तापवा. त्यावर 82 अंश लिहिलेलं असेल तर साधारण तेवढ्याला उघडायला लागतो. उघडत नसेल तर नवा घाला, पण जागा रिकामी ठेवू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं आणि गाडी आणखी तापते.

तुम्ही लिहिलंय की गाडी 1960 च्या दशकातली आहे, मोकळ्या रस्त्यावर काटा मध्यावर असतो आणि सिग्नलला थांबलात की लालकडे सरकतो. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती हीच. वेगात असताना तापली असती तर मी रेडिएटर, वॉटर पंप किंवा वेग वाढला की चिपकणारा खालचा होज पाइप यांच्याकडे बोट दाखवलं असतं. थांबल्यावर तापते म्हणजे आधी हवेकडे आणि टायमिंगकडे, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याकडे, बघायचं.

त्याही आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पेट्रोल आणि तापमान, दोन्ही गेजना विजेचा दाब 10 व्होल्टवर धरणारा एकच स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला की दोन्ही काटे जास्त दाखवतात. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटाही वर दिसत असेल, तर इंजिन कदाचित ठणठणीत आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून खात्री करा. तोच रेडिएटरच्या जाळीवरूनही फिरवा. मध्येच एखादा पट्टा बराच गार लागला तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत. बाहेरून साफ केलेल्या रेडिएटरमध्येही हे सर्रास सापडतं.

आता हवा. इंजिन आयडलवर ठेवून रेडिएटरच्या पुढे कागद धरा. फॅनने तो जाळीला ओढून चिकटवला पाहिजे. कागद नुसताच फडफडत असेल तर बेल्ट ढिला आहे का बघा, आणि फॅनभोवतीचं कडं जागेवर आहे का तेही. हे कडं कुणीतरी कधीतरी काढून ठेवतो आणि परत बसवायचं राहून जातं. ते नसेल तर फॅन बॉनेटखालचीच गरम हवा कडेने ओढून घेतो.

टायमिंगचं मात्र मनावर घ्या, कारण गाडी तापते म्हटल्यावर सगळे पाण्याच्याच मागे लागतात. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानाही जळण चालूच असतं आणि ती उष्णता हेडमधल्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातल्या, पाण्यात उतरते. रेडिएटर कितीही चांगला असला तरी तो बिचारा किती पुरा पडणार? डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा, व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी कार्ब्युरेटरकडच्या टोकाने सोडवा आणि तोंडाने ओढा. आतली प्लेट किंचित फिरायला हवी आणि जीभ टोकाला लावली की ओढ टिकायला हवी. हवा सरळ आत येत असेल तर त्या व्हॅक्यूम अॅडव्हान्समधला पडदा फाटलाय. तो बदला, मग टायमिंग लाइटने गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे टायमिंग लावा. पेट्रोल-हवेचं मिश्रण फार पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, असलं तरी इंजिन तापतं, तेव्हा कार्ब्युरेटरही त्याच बैठकीत बघून घ्या.

एवढं करूनही फरक पडला नाही तर ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनच्या मुख्य भागाकडे, वळा. इंजिन पूर्ण गार असताना ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा. रेडिएटर भरलेला असूनही पाणी आलं नाही, तर भोकातून तार घालून ढवळा. आधी तपकिरी गाळ येईल, मग पाणी. हा गंज बहुधा मागच्या सिलिंडरपाशी साठतो आणि रेडिएटर धुऊन तो निघत नाही. दोन्ही दिशांनी पाणी सोडून ब्लॉक धुवा, मग अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरा. नुसतं पाणी उष्णता छान वाहून नेतं, पण बीडाचा ब्लॉक आतून खातं.

रेडिएटरची टोपी कंपनीने दिली त्याच दाबाची ठेवा. 7 पीएसआयची चांगली टोपी पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 11 अंशांनी वाढवते. रबर कडक झालेली टोपी हा फायदा घालवते. जास्त दाबाची बसवाल तर जुने सांधे आणि हीटरची जाळी फुटेल.

रस्त्यात काटा चढलाच तर हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावा, गिअर काढून इंजिन जरा रेझ करा. तरीही उतरत नसेल तर बाजूला घेऊन बंद करा. टोपीला गरम असताना हात लावू नका, वाफ तोंडावर येते. आणि गार इंजिन चालू केल्या केल्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर बाकी सगळं सोडून आधी हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) तपासून घ्या.