‘९५ टक्के परिणामकारक’: टक्के कशाचे?

प्रश्न असा आहे: ‘लस ९५ टक्के परिणामकारक आहे’ या वाक्याचा अर्थ शंभरातल्या ९५ जणांना ती लागू पडते असा घ्यायचा का? इंग्रजीत एफिकसी आणि इफेक्टिव्हनेस असे दोन वेगळे शब्द आहेत, पण मराठी बातम्यांत दोन्हींसाठी परिणामकारकता, कधी प्रभावीपणा, तर कधी कार्यक्षमता असं लिहिलं जातं. यांतलं बरोबर कोणतं? आणि जोडीला एक छोटी शंका: ‘लसीचा’ की ‘लशीचा’?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पण ‘लागू पडते’ हे क्रियापद तुमच्या मनात आपसूक आलं, यातच या गोंधळाचं मूळ आहे. औषधाच्या यशाबद्दल बोलायला मराठीत शब्दांची वाण नाही. औषध लागू पडतं, औषधाने गुण येतो, दुखण्याला उतार पडतो, मात्रा चालते. या प्रत्येक शब्दप्रयोगात एक आजारी माणूस गृहीत आहे. काल तो अंथरुणावर होता, आज उठून बसला. कालची आणि आजची स्थिती डोळ्यांसमोर असते, म्हणून गुण आला की नाही हे त्या एकट्या माणसाकडे पाहून सांगता येतं.

लस मात्र निरोगी माणसाला देतात, आणि तिचं यश म्हणजे काहीच न घडणं. लस घेतल्यावर वर्षभर आजार झाला नाही, तर तो लशीमुळे झाला नाही की रोगजंतू त्या माणसापर्यंत पोहोचलाच नाही, हे त्याच्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळणार नाही. त्यामुळे ‘मला लस लागू पडली’ असं एकट्या माणसाला ठामपणे म्हणता येत नाही. देवीची लस हा यातला ठळक अपवाद. ती टोचलेल्या जागी काही दिवसांनी फोड यायचा, मागे वण राहायचा. फोड आला नाही तर पुन्हा टोचत. तिथे लस अंगात ‘धरली’ हे निदान डोळ्यांना दिसायचं. आजच्या बहुतेक लशींच्या बाबतीत दंडावर अशी कुठलीच खूण उरत नाही.

मग लशीचं यश पाहायचं कुठे? दोन गटांमधल्या फरकात. फायझर आणि बायोएनटेक यांच्या कोविड लशीची मोठी चाचणी २०२० मध्ये झाली. सुमारे ४३ हजार लोकांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोण कुठे जाणार हे निव्वळ योगायोगावर सोडून, दोन जवळजवळ सारख्या गटांत वाटणी केली. एका गटाला लस मिळाली, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या डोसनंतर सात दिवस उलटल्यावर जे आजारी पडले त्यांची मोजणी झाली, तेव्हा मिठाच्या पाण्याच्या गटात १६२ रुग्ण निघाले आणि लशीच्या गटात ८. एकशे बासष्टांच्या तुलनेत आठ म्हणजे सुमारे ५ टक्के. शंभरातून ते वजा केले की उरतात ९५. जगभर गाजलेला आकडा तो हाच.

आता ‘शंभरातल्या ९५ जणांना लागू पडली’ हा अर्थ याच आकड्यांवर ताडून पाहा. लस न मिळालेल्या गटात जवळपास २१ हजार ७०० माणसं होती, त्यांतली १६२ आजारी पडली. म्हणजे ज्यांना फक्त मिठाचं पाणी मिळालं त्यांच्यातलेसुद्धा ९९ टक्क्यांहून अधिक लोक चाचणीच्या त्या काळात आजारी पडले नाहीत. ‘आजार न झालेले लोक’ मोजायला गेलो, तर मिठाचं पाणीच ९९ टक्के परिणामकारक ठरेल! तेव्हा हे ९५ टक्के माणसांचे नव्हेत. लस नसती तर जेवढे रुग्ण झाले असते, त्या रुग्णसंख्येतल्या घटीचे ते टक्के आहेत.

इथे मराठीची विभक्ती फार कामाची आहे. ‘९५ टक्के’ म्हटलं की मराठी कान पुढच्या नामाची वाट पाहतो: ९५ टक्के विद्यार्थी, ९५ टक्के मतदार. ‘९५ टक्के परिणामकारक’मध्ये ते नाम येतच नाही, म्हणून वाचणारा ‘लोक’ हा शब्द मनातल्या मनात भरून टाकतो. तेच ‘टक्क्यांनी’ असं तृतीयेत लिहिलं की कान लगेच विचारतो, कशाच्या मानाने? ‘लस न घेतलेल्यांच्या मानाने लस घेतलेल्यांत रुग्ण ९५ टक्क्यांनी कमी आढळले’ हे वाक्य लांब आहे, मथळ्यात मावणार नाही, पण बातमीच्या पहिल्या परिच्छेदात ते सहज बसतं. त्यात ज्या गटाशी तुलना केली तोही आला आणि घट कशात झाली तेही आलं. साथीच्या बातम्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ‘नी’ जपावं असं मला मनापासून वाटतं.

ही वजाबाकी नवी नाही. मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल या दोघा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये विषमज्वर (टायफॉइड) आणि पटकी (कॉलरा) यांच्या लशींची आकडेवारी तपासताना लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांतल्या आजाराच्या प्रमाणांची अशीच तुलना मांडली होती. तुलना प्रामाणिक ठरायला काय काय सारखं असावं लागतं, याचीही चर्चा त्यांनी तेव्हाच केली.

आणि ते ‘सारखं असणं’ किती अवघड आहे, हे पाहायला जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीची १९५४ ची चाचणी पाहावी. अमेरिकेतल्या या चाचणीत सुमारे १८ लाख मुलं होती. जिथे यादृच्छिक वाटणी झाली तिथे लस मिळालेल्या दर लाख मुलांमागे २८ जणांना पोलिओ झाला, लशीऐवजी औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ७१ होतं. ज्यांच्या आईवडिलांनी चाचणीला संमतीच दिली नाही, त्या मुलांत मात्र ते ४६ होतं. लस दोन्हीकडे नव्हती, मग ७१ आणि ४६ असा फरक का? संमती देणाऱ्यांत सुस्थितीतल्या कुटुंबांचं प्रमाण जास्त होतं. अस्वच्छ परिसरातल्या मुलांना पोलिओचा विषाणू अगदी तान्हेपणी, आईकडून आलेलं संरक्षण शाबूत असतानाच गाठायचा आणि बहुतेकांना काही न होता प्रतिकारशक्ती देऊन जायचा. स्वच्छ घरातल्या मुलांची आणि त्याची गाठ उशिरा पडायची, तेव्हा ते संरक्षण ओसरलेलं असायचं. आता २८ ची तुलना ४६ शी केली तर घट ३९ टक्क्यांची दिसते, ७१ शी केली तर ६१ टक्क्यांची. लस तीच, मुलं तीच. कोणाशी ताडलं यावर एवढा फरक पडला.

त्याच चाचणीत पोलिओचे सगळे रुग्ण न धरता फक्त पक्षाघात झालेले धरले, तर लाखामागे ५७ विरुद्ध १६ असे आकडे येतात, आणि घट ७२ टक्क्यांवर जाते. म्हणून ‘कशाविरुद्ध?’ हा प्रश्नही टक्क्यांना विचारावा लागतो. संसर्ग, लक्षणं, गंभीर आजार, मृत्यू: एकाच लशीचे या चारांविरुद्धचे आकडे वेगवेगळे असू शकतात.

तुमच्या ‘लागू पडते’ला थोडा न्यायही द्यायला हवा. समजा, एका लशीमुळे आजार ८० टक्क्यांनी घटला. हे दोन प्रकारे घडू शकतं. एक तर शंभरातल्या ८० जणांना पूर्ण संरक्षण मिळालं आणि २० जणांना काहीच नाही. किंवा शंभरही जणांना संरक्षण मिळालं, पण अर्धवट. जंतूशी दर वेळी गाठ पडली की प्रत्येकाचा धोका ८० टक्क्यांनी कमी. गोवराची लस बरीचशी पहिल्या प्रकारात मोडते. तिच्या एका डोसाने सुमारे ९३ टक्के संरक्षण मिळतं, दोन डोसांनी ९७ टक्के. दुसरा डोस मुख्यतः पहिला ज्यांच्या अंगी लागला नाही अशांसाठी असतो, आणि ते कोण हे बाहेरून दिसत नसल्याने तो सगळ्यांनाच देतात. गोवराबाबत ‘शंभरातल्या इतक्यांना लागू पडली’ म्हटलं तर ते फारसं चुकीचं नाही. इन्फ्लुएंझाबाबत किंवा कोविडबाबत मात्र चुकीचं ठरेल.

आता दोन शब्दांकडे. चाचणीत लस ठरलेल्या तापमानात ठेवलेली असते, डोस वेळेवर दिले जातात, भाग घेणारे निवडलेले असतात, वाटणी यादृच्छिक असते. अशा नियंत्रित स्थितीत दिसलेली घट म्हणजे एफिकसी. चाचणी संपून लस सर्वत्र गेली, वृद्ध, आजारी, एकच डोस घेतलेले, उशिरा घेतलेले असे सगळे त्यात आले, की तिथे दिसते ती घट म्हणजे इफेक्टिव्हनेस. इबोलाच्या लशीत हा फरक फार स्पष्ट दिसतो. २०१५ मध्ये गिनी देशात वलय पद्धतीने चाचणी झाली: रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्या आणि त्या संपर्कांच्या संपर्कातल्या लोकांचं कडं आखायचं, आणि त्या कड्याला लस द्यायची. काही कड्यांना लगेच, काहींना २१ दिवसांनी. लगेच लस मिळालेल्यांत दहा दिवसांनंतर एकही रुग्ण झाला नाही, उशिराच्या कड्यांत १६ झाले. आकडा आला १०० टक्के, पण रुग्ण मुळात थोडे असल्यामुळे खरं मूल्य ६९ टक्क्यांपर्यंत खाली असू शकतं, असंही अहवालात नोंदलेलं होतं. पुढे काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१८ ते २०२० या काळात मोठी साथ आली. तिथे इबोलाची शंका असलेल्या लोकांच्या तपासण्यांतून, ज्यांना इबोला निघाला आणि ज्यांना निघाला नाही त्यांच्यातलं लसीकरणाचं प्रमाण ताडून, हीच लस सुमारे ८४ टक्के ठरली. लस कुठे नापास झाली असा याचा अर्थ नाही. पहिला आकडा आखून केलेल्या प्रयोगातला, दुसरा चालू साथीच्या धामधुमीतला.

मराठीत या दोन्हींना परिणामकारकता म्हटलं की असे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडताहेत असा भास होतो, आणि लशीवरचा लोकांचा विश्वास विनाकारण डळमळतो. माझी सूचना अशी: एफिकसीला ‘गुणकारिता’ म्हणावं आणि इफेक्टिव्हनेसला ‘परिणामकारकता’. औषध गुणकारी असतं ते रोग्याने घेण्याआधीपासून. तो गुण त्याच्या अंगचा. परिणाम मात्र प्रत्यक्ष घडावा लागतो, आणि तो घडताना साठवण, वेळ, वय, विषाणूचं बदललेलं रूप असं सगळं मध्ये येतं. ‘गुण येणे’ हा प्रयोग रोग्याबद्दल होतो, मग गुणकारिता औषधापुरती कशी, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण ‘गुणकारी’ हे विशेषण आपण औषधालाच लावतो, त्यामुळे भाववाचक नाम त्याच्यावरून केलं तर ओढाताण होत नाही. ‘प्रभावीपणा’कडे माझा कल नाही, कारण प्रभावी भाषणही असतं आणि प्रभावी व्यक्तिमत्त्वही. ‘कार्यक्षमता’ तर सोडूनच द्यावी. तो एफिशियन्सीचा शब्द आहे, यंत्राने किंवा माणसाने किती खर्चात किती काम केलं हे सांगणारा.

एक तिसरी गोष्टही आहे, जिला मराठीतच काय, इंग्रजीतही रोजच्या बोलण्यात नीट नाव मिळालेलं नाही: प्रत्यक्ष किती आजार टळले? रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसारावरच्या लशीची दक्षिण आफ्रिका आणि मलावी या दोन देशांत एकत्र चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. गुणकारिता दक्षिण आफ्रिकेत सुमारे ७७ टक्के, मलावीत ४९. वाचताना वाटतं, मलावीत लस निम्मीच चालली, तिथे कशाला द्यायची? पण लस दिलेल्या दर शंभर बाळांमागे वर्षाला टळलेले तीव्र आजार पाहिले तर दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७. मलावीत मुळात आजारच इतका जास्त की टक्केवारी कमी असूनही लशीने तिथे जास्त बाळं वाचवली. याला सरळ ‘टळलेले आजार’ म्हणावं. टक्क्यांच्या शेजारी हा आकडा छापला, तर कोणत्या देशाने कुठली लस घ्यावी याची चर्चा कितीतरी समंजस होईल.

टक्के माणसांचे समजल्यामुळे साथीत आणखी एक गैरसमज हमखास पसरतो: ‘रुग्णांत लस घेतलेलेच जास्त, मग उपयोग काय?’ हजार लोक घ्या, त्यांतल्या ९५० जणांनी लस घेतली आहे. न घेतलेल्या ५० जणांतले पाचात एक या हिशेबाने १० आजारी पडले. लस आजार ९० टक्क्यांनी घटवत असेल, तर घेतलेल्यांत प्रमाण शंभरात २, म्हणजे ९५० मध्ये १९. रुग्णालयात १९ विरुद्ध १० दिसतील, तरी लस आपलं काम चोख करते आहे. ती नसती तर त्या १९ च्या जागी १९० झाले असते.

राहिली ‘लसीचा’ की ‘लशीचा’ ही शंका. म्हैस–म्हशीचा, कूस–कुशीत या वळणाने स्त्रीलिंगी ‘लस’चं सामान्यरूप ‘लशी’ होतं, म्हणून मी लशीचा, लशीमुळे, लशींची असं लिहितो. ‘लसीचा’ही इतकं रुळलं आहे की ते चूक ठरवण्यात अर्थ नाही, एका लिखाणात एकच रूप ठेवावं, एवढंच. ‘लसीकरण’ मात्र नेहमी ‘सी’नेच, कारण तिथला ‘ई’ विभक्तीपूर्वीचा नाही, तो शुद्धीकरण, नवीकरण यांतल्या ‘करण’बरोबर येणारा आहे. मूळ ‘लस’ म्हणजे जखमेतून किंवा फोडातून येणारा पातळ स्राव. जखमेतून लस वाहते असं आपण आजही म्हणतो. देवीची लस एके काळी अशाच फोडातल्या स्रावाने एका दंडावरून दुसऱ्या दंडावर दिली जायची.