आमच्या वेळी कोण आलं होतं?

प्रश्न: ताई, आम्ही सोलापूरचे, विमुक्त जमातीतले. आजोबा सेटलमेंटच्या, म्हणजे आमच्यासारख्या जमातींना कोंडून ठेवायच्या सरकारी वस्तीच्या, तारेच्या आत वाढले. आजपण कुठं चोरी झाली की आधी आमची पोरं उचलतात, शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुस्लिम पोरांचंही तेच. आता तिथली मंडळी म्हणतायत वकील मिळून करू, ठाण्यात पण सोबतच जाऊ. आमची म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या वेळी कोण आलं होतं? भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, म्हाताऱ्यांचं बोलणं उडवून लावू नका. जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा, इंग्रजांनी 1871 ला आणलेला तो गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. त्यांचा राग खरा आहे.

तारेवरून अमेरिकेतलं आठवलं. 1942 मध्ये जपानशी युद्ध चालू होतं म्हणून तिथल्या सरकारनं जपानी वंशाची जवळपास 1 लाख 20 हजार माणसं, त्यातली बहुतेक जन्मानं अमेरिकनच, ना गुन्हा ना खटला, उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकली. लॉस एंजेलिसमधली त्यांची लिटल टोकियो वस्ती रिकामी पडली आणि तिथं कामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला लागली, कारण बाकी शहरात त्यांना कोणी घर देत नव्हतं. मग जपानी लोक परतले, आणि जागांवरून ताण सुरू. दोघंही सोसलेले, तरी एकाच गल्लीत समोरासमोर! सारखं सोसलं की आपोआप भरवसा येतो असं मला म्हणूनच वाटत नाही.

पण पुढे काय झालं बघा. 1987 ला या जपानी लोकांच्या भरपाईचं बिल संसदेत आलं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडकडचे कृष्णवर्णीय खासदार रॉन डेलम्स बोलायला उभे राहिले. ते सहा वर्षांचे असताना त्यांचा जिवाभावाचा जपानी मित्र ट्रकमधून नेला होता, त्या पोराच्या डोळ्यातली भीती त्यांनी 45 वर्षांनी सभागृहात सांगितली. 1988 ला कायदा झाला, सरकारनं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20 हजार डॉलर दिले. 1989 ला गुलामगिरीच्या भरपाईसाठी आयोग नेमा म्हणून कृष्णवर्णीयांचं बिल आलं, ते अजून पास नाही झालं, पण जपानी अमेरिकन संघटना त्यासाठी झटतायत, स्वतःचं काम कधीच झालेलं असूनसुद्धा. मला भरवसा म्हणजे हेच वाटतं.

तुम्ही वकिलापासून सुरू करा. फीचे पैसे दोन्हीकडून जमवा, हिशोबाच्या वहीवर दोन्हीकडच्या एकेकाची सही असू द्या. त्यांचा पोरगा आधी उचलला गेला तर बोलावण्याची वाट न बघता तुम्ही ठाण्यात जा, रात्री दोन वाजता असलं तरी. आणि पहिल्या मीटिंगला एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, आमच्या वेळी कोण आलं होतं हे त्यांनाच तिथं तोंडावर विचारू द्या.