खेळकर मांजरीवर फिडलची धून रचायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी काही वर्षं हिंदुस्तानी पद्धतीनं व्हायोलिन शिकलात, हल्ली आयरिश फिडलचं, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगात वाजणाऱ्या व्हायोलिनचं, वेड लागलंय, आणि घरातल्या सात महिन्यांच्या मांजरीच्या उड्या बघून तिच्यावर तशीच एक धून रचावीशी वाटते.

रचाच. पण सूर शोधायच्या आधी ठेका ठरवा. मी हे उलट्या क्रमानं केलं आणि त्यात एक अख्खा हिवाळा गेला.

मी मूळची मिरजेची, गेली नऊ वर्षं आयर्लंडमधल्या गॉलवेत राहते. आमची मांजर चिंगी लहान होती तेव्हा मी तिच्यावर पहिली धून रचली. हात आपल्या पद्धतीत घडलेला, त्यामुळे मींड घेऊन, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाऊन, म्यांव काढणं सोपं गेलं. पाच-सहा ठिकाणी म्यांव, मध्ये एक गुरगुर. घरी सगळ्यांना फार आवडली. मग इथल्या एका सेशनमध्ये, म्हणजे पबच्या कोपऱ्यात वादक गोल बसून वाजवतात तिथे, ती वाजवली. लोकांनी प्रेमानं ऐकली, पण साथीला एकही वाद्य उठलं नाही. शेजारच्या वयस्कर फिडलवादक आजोबांनी एवढंच विचारलं, ‘हिच्यावर नाचणार कोण?’

त्या प्रश्नानं माझं काम सोपं केलं. आयरिश संगीतात नक्कल करणाऱ्या रचना आहेत. इलियन पाइप्सवरची, म्हणजे आयरिश बॅगपाइपवरची, ‘फॉक्स चेस’ ऐका, तीत कोल्ह्याची शिकार, कुत्र्यांचं भुंकणं, सगळं आहे. पण ती बसून ऐकायची गोष्ट. तुम्हाला हवी आहे ती लोकधून नाचाची आहे, आणि नाचाच्या धुनेत मांजर आवाजातून येत नाही, चालण्यातून येते. ती चाल गजात, म्हणजे व्हायोलिनच्या बोमध्ये, उतरवायची.

म्हणून पहिले आठ दिवस वाद्य पेटीतच राहू द्या आणि मांजरीकडे बघा. चिंगीचा खेळ मी पाहिला तो असा: पडद्याआड दबा, नजर एका जागी खिळलेली, मग मागच्या पायांची चुळबुळ, झेप, आणि झेप हुकली की लगेच पंजा चाटायला सुरुवात. तुमची वेगळी असेल. काही मांजरी दबा धरतच नाहीत, घरभर नुसत्या उधळतात. त्यावरून ताल ठरतो. सतत धावणारीला रील, चार-चारचा, न थांबता वाहणारा. ऐटीत चालणाऱ्या बोक्याला हॉर्नपाइप, त्यात पहिला सूर लांब, दुसरा आखूड, असं डुलणं असतं. चिंगीला मी जिग दिली. जिग म्हणजे एका आवर्तनात सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट, अगदी दादऱ्यासारखे. पण दादऱ्यातलं झुलणं इथे चालत नाही. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर वजन पडतं आणि लय बरीच चढी असते.

चौकट ठरलेली आहे. आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, आठ आवर्तनांचा दुसरा भाग दोनदा, एकूण बत्तीस. नाचाच्या लयीत हे जेमतेम अर्ध्या मिनिटात संपतं, मग पुन्हा सुरुवातीपासून. सेशनमध्ये एक धून साधारण तीनदा फिरवून न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. या चौकटीचा मला आधी राग यायचा. मांजर कुठे आठ मोजून उडी मारते? पण नाचणाऱ्याचे पाय आठ मोजतात. कॅनडातल्या क्वेबेक आणि अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियाच्या फिडलवादनात एखादी मात्रा जास्त किंवा कमी असलेल्या वाकड्या धुना मानानं वाजवल्या जातात. तुमची मांजर चौकटीत मावतच नसेल तर तिकडच्या धुना ऐका. क्लेअर-गॉलवेच्या, म्हणजे इकडच्या, वळणाची हवी असेल तर बत्तीस सोडू नका.

आता सूर. तुमच्या तारा सा आणि पवर लावलेल्या असतील. फिडलच्या जी, डी, ए, ई, प्रत्येक तार मागच्या तारेचा पंचम. जाड तारेकडून तिसरी तार, ए, सा माना, म्हणजे सर्वांत वरची तार आपोआप प होते आणि हात लगेच घरी येतो. थाट काफी घ्या. इकडे त्याला डोरियन म्हणतात आणि निम्मं गाव त्यात वाजवतं. या धुनांची एक खोड लक्षात ठेवा: त्या सा आणि खालच्या कोमल नीमध्ये हेलकावे घेतात. तानपुऱ्याच्या अचल सा-मध्ये वाढलेल्या कानाला सुरुवातीला जमीन सरकल्यासारखं वाटतं. मला तर दबा धरण्यासाठी हाच हेलकावा सापडला:

सा रे ग, प – प । म ग रे, सा – नी

ग आणि नी कोमल, शेवटचा नी मंद्र. मांजर पुढे सरकते, थबकते आणि पोट जमिनीला टेकवून खाली बसते, एवढंच दोन आवर्तनांत. पुढची दोन तुम्ही घाला, तिसऱ्या जोडीला हीच ओळ पुन्हा आणा आणि शेवटची जोडी सावर सोडा.

झेपेसाठी दुसरा भाग. आयरिश धुनांत तो बहुतेकदा वरच्या सुरांत जातो, म्हणून उडीची जागा तयारच आहे. पहिला भाग दुसऱ्यांदा संपताना मोकळ्या ए तारेवरचा सा पूर्ण तीन मात्रा धरा. तिथे शांतता ठेवावीशी वाटेल, पण नाचणाऱ्याला पाय टाकायला काहीतरी ऐकू यावं लागतं. गज हळूहळू दाबत न्या आणि पुढच्या समेवर थेट तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, सर्वांत वरच्या तारेवर तिसरं बोट. चिंगीला ओळखणारा माणूस हे ऐकून हसतो, आणि न ओळखणाऱ्याचाही पाय उचलला जातो. दुसऱ्या भागाची शेवटची दोन आवर्तनं पहिल्या भागाच्या शेवटासारखीच ठेवली आहेत. तो पंजा चाटण्याचा भाग.

अलंकार शेवटी आणि कंजूषपणे. रोल, म्हणजे तोच सूर मध्ये वरच्या आणि खालच्या सुराला बोट टेकवून तीन मात्रांत फिरवणं, जिगमध्ये छान बसतो. ट्रेबल, म्हणजे गजाचे तीन झटपट छोटे फटकारे, नखांच्या ओरखड्यासारखे वाजतात. पूर्ण धुनेत एक जागा पुरते. आणि मींड? एकच ठेवा. मी दुसऱ्या भागात कोमल गवर खालून सरकत येते, तेवढाच म्यांव उरलाय.

धून जमली की फोनवर रेकॉर्ड करा आणि तीन दिवस ऐकू नका. चौथ्या दिवशी जे आठवेल ते ठेवा. ही धून पुढे लोक कानानंच उचलणार आहेत, रचणाऱ्यालाच आठवत नाही ते दुसऱ्याला कसं आठवेल? मग ट्यूनपॅल या ॲपला वाजवून दाखवा. ते हजारो जुन्या धुनांशी ताडून बघतं. माझी पहिली ओळ दोनदा कुणाच्या तरी जुन्या जिगमध्ये निघाली होती.

नावाची घाई करू नका. गॉलवेचेच फिडलवादक पॅडी फाही १०२ वर्षं जगले, २०१९ मध्ये गेले. त्यांनी अप्रतिम धुना रचल्या आणि नावं दिलीच नाहीत. सगळ्या ‘पॅडी फाहीची जिग’, ‘पॅडी फाहीची रील’.

एक विनंती, संगीताबाहेरची. तुटलेली तार किंवा गजाचे सुटलेले केस मांजरीला खेळायला देऊ नका. गिळले तर आतडी गोळा होतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते.

गेल्या वर्षी तीच मंडळी, तोच कोपरा. नवी जिग दुसऱ्या फेरीला आली तेव्हा आजोबांनी फिडल उचललं. तिसऱ्या फेरीत कॉन्सर्टिनावाली (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) बाई आली आणि तिनं दुसऱ्या भागाच्या चौथ्या आवर्तनात माझ्या पच्या जागी ध वाजवला. चुकून असेल. पण कान तिकडेच ओढला गेला, आणि आता मीही ध वाजवते.