जुनं फेवर ल्युबा घेण्याआधी अस्सल आहे की नाही, कसं ओळखावं?

तुम्ही विचारलंय की साठ-सत्तरच्या दशकातलं चावीचं फेवर ल्युबा सी चीफ (स्विस कंपनीचं मनगटी घड्याळ) मिळतंय, फोटोत डायल अगदी कोरी दिसतेय, तर घ्यावं का. माझ्या मते ती कोरी डायल हेच न घेण्याचं पहिलं कारण. इतकी वर्षं घामात, पावसाळ्यात वापरलेल्या घड्याळाची डायल थोडी तरी पिवळते, डाग धरते. आपल्याकडच्या अशा चकचकीत घड्याळांतल्या बऱ्याच डायली जुना रंग उडवून पुन्हा छापलेल्या असतात. परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नावं ठेवतात. ते वाचलं की मला लागतं, कारण आमच्या घरात हेच झालं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी हातात हेच घड्याळ. चारच्या पट्टीपाशी पाणी शिरल्याचा तपकिरी डाग होता. बाबांच्या पंचाहत्तरीआधी दादाने कुणालाही न विचारता ते एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते पांढरंशुभ्र. सगळे वा वा करत होते, मी भिंग लावलं. जिनिव्हाच्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये दुसऱ्या ‘ई’वर जी तिरकी रेघ होती ती गायब. अक्षरांच्या कडा फुटलेल्या. मिनिटांच्या रेघा तासांच्या पट्ट्यांशी जुळत नव्हत्या. ‘स्विस मेड’ डायलच्या अगदी काठाला होतं, ते वर सरकलेलं. बाबांनी हातात घेऊन एवढंच विचारलं, ‘‘दुसरं आणलंस काय रे?’’

दादा अजून म्हणतो, वेळ बरोबर दाखवतंय, छान दिसतंय, मग बिघडलं काय? बिघडलं हे की मशीनचे भाग दुसऱ्या घड्याळातून काढून बसवता येतात, खरवडलेली डायल परत येत नाही. दुकानदाराने डायल रंगवण्याआधी विचारायला हवं होतं, आणि दादानेही.

तर तुम्ही विकणाऱ्याकडून मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. मशीनवर कंपनीचं नाव हवं आणि स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या नकोत. टाळाटाळ केली तर तिथेच सोडा. काट्यांवर आणि डायलवर रेडियम (म्हणजे अंधारात चमकणारा लेप) असेल तर दोन्हींचा रंग सारखाच जुना दिसायला हवा. ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल तर तो लेप ट्रिटियमचा. ट्रिटियमची ताकद साधारण 12 वर्षांत निम्मी होते, म्हणजे त्या काळचं घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल तर लेप नवा आहे. केसचे (म्हणजे घड्याळाच्या धातूच्या बाहेरच्या कवचाचे) कोपरे पॉलिश मारून गोल झालेत का तेही बघा.

रंगवलेल्या डायलचं घड्याळ नकली असतं असं मात्र नाही. आतलं मशीन बहुतेकदा स्विसच असतं, आणि रोज घालायला स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त मूळ डायलचा भाव देऊ नका. पेटीत जपून ठेवलेली, खरोखर कोरी घड्याळंही असतात, पण मग केस आणि चावीही तितकीच कोरी हवी. झिजलेल्या केसमध्ये लखलखती डायल दिसली तर काय ते समजा.

घेतलंतच, तर घड्याळजीकडे देताना आधी बजावा की तेलपाणी कर, काच बदल, पण डायलला हात लावू नको. आणि घड्याळ वडिलांचं असेल तर आधी त्यांना विचारा.